मदत हवी आहे: एकाच प्लॉटमध्ये सी-एच आणि एम-आय. दोन्ही माती बारीकच, मग फरक कशाचा?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात सेलूकडं आमचं गाव. गावठाणाला लागून वडिलोपार्जित जागा आहे, तिथं खाली-वर मिळून दोन मजली घर बांधायचं चाललंय. इंजिनिअर साहेबांनी आधी माती तपासायला लावली, जेसीबीनं दोन खड्डे घेतले. रिपोर्ट आलाय, पण साहेब बाहेरगावी आहेत आणि गवंडी घाई करतोय. त्याचं म्हणणं, "काळीत खोल जाऊ, पांढरीवर काही भ्या नाही, तिथं तीन फुटांवरच फुटिंग (कॉलमखालची काँक्रीटची बैठक) टाकू."

खड्डा १, शेताकडची बाजू, काळी माती: ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ८८ टक्के गेली. लिक्विड लिमिट ७१, प्लास्टिक लिमिट ३०, फ्री स्वेल (पाण्यात किती फुगते ते) ८० टक्के. वर्ग सी-एच.
खड्डा २, गावठाणाची बाजू, पांढरी: त्याच चाळणीतून ८१ टक्के. लिक्विड लिमिट ४१, प्लास्टिक लिमिट २८, फ्री स्वेल १०. वर्ग एम-आय.
दोन्हीकडं साधारण सात फुटांवर मुरूम लागला. गोटे-खडी ३६, वाळू ४४, बारीक २० टक्के. वर्ग एस-सी.

मुरमाचं कळलं, तो डोळ्यांनाच वेगळा दिसतो. पण वरच्या दोन्ही माती चाळणीत जवळपास सारख्याच उतरल्या, तरी एक सी आणि दुसरी एम कशी? आणि गवंड्याचं ऐकावं का?

चाळणी_७५
मी माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, तेव्हा पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

आपल्याकडं वर्ग ठरतो आयएस १४९८ या भारतीय मानकाप्रमाणे. ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर निम्म्याहून जास्त माती अडली तर ती जाड. मग ४.७५ मिमीच्या चाळणीवरून खडी जास्त की वाळू जास्त ते बघायचं. तुमच्या मुरमात वाळू थोडी जास्त निघाली म्हणून एस (सँड), आणि त्यातला बारीक भाग चिकट निघाला म्हणून पुढं सी (क्ले).

निम्म्याहून जास्त खाली गेली की मात्र चाळणीचं काम संपलं. मग ८८ असो की ८१, नावाला फरक पडत नाही. तिथून पुढं मातीला पाणी पाजून बघायचं. लिक्विड लिमिट म्हणजे किती टक्के पाण्यावर माती वाहायला लागते. पितळी वाटीत लगदा घालून मध्ये खाच पाडतात, वाटी १० मिमीवरून आपटत राहतात, २५ ठोक्यांत खाच मिटली की ते पाणी मोजायचं. प्लास्टिक लिमिट म्हणजे तळहाताखाली वळलेली वळी ३ मिमी जाडीला आली की तुटायला लागते तेव्हाचं पाणी. दोन्हींची वजाबाकी म्हणजे प्लास्टिसिटी इंडेक्स. काळीचा ४१, पांढरीचा १३.

आता ए-लाइन, म्हणजे क्ले आणि सिल्ट वेगळी करणारी रेषा. लिक्विड लिमिटमधून २० वजा करा, ०.७३ नं गुणा. काळीला ३७.२ येतात, तुमचा इंडेक्स ४१, म्हणजे रेषेच्या वर, म्हणून क्ले, अक्षर सी. पांढरीला १५.३ येतात, इंडेक्स १३, रेषेच्या खाली, म्हणून सिल्ट, अक्षर एम. दुसरं अक्षर नुसत्या लिक्विड लिमिटवर: ३५ च्या आत एल, ३५ ते ५० आय, ५० च्या वर एच. हे मधलं आय भारतीय पद्धतीत आहे, अमेरिकी पद्धतीत मात्र ५० ला एकच रेघ मारतात. परदेशी व्हिडिओ बघून रिपोर्ट जुळवणारे इथंच अडकतात.

एकच विचारा लॅबला: काळीचा लगदा वाटीत घालण्याआधी दिवसभर मुरवला होता का? काळी माती पाणी सावकाश पिते. घाई केली की आकडे भरवशाचे राहत नाहीत.

अभि_लातूर
एवढं कशाला? आमच्याकडं सगळे खड्ड्यात दोन फूट वाळू भरतात आणि वर फुटिंग. काही होत नाही.

माळवद
दादा, काही होत नाही ते कोरड्या वर्षी. पाऊस बरा झाला की बघा.
आमचं जुनं घर धाब्याचं होतं. माळवदावर टाकायला बैलगाडीनं पांढरीच आणायचे, काळी कधीच नाही. काळी वर टाकली असती तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात गळती. पण त्या मातीचं वजन भयंकर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं दगडमातीच्या भिंती आणि असल्याच जड छतांखाली सापडली, म्हणून आता कुणी माळवद घाला म्हणणार नाही.

दुधनाकाठ
चाळणीभाऊ, आता उलगडलं. लॅबला फोन केला, लगदा रात्रभर झाकून ठेवला होता म्हणाले. पण गवंडी म्हणतोय, हे सगळं कागदावरचं, हाताला काही कळतं का?

चाळणी_७५
कळतं की. दोन्हींच्या पेढ्याएवढ्या चकत्या करून उन्हात कडक वाळवा आणि बोटांनी मोडा. पांढरीचा भुगा होईल, काळी बोटांनी मोडणारच नाही. दुसरं, पांढरीचा ओला गोळा तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं ठोका. वर पाण्याची चकाकी येईल, दाबला की जाईल. काळीवर चकाकी येणार नाही. हे हातचे प्रयोगही त्याच आयएसमध्ये दिलेत.

साइटवाला
आता पायाचं बोलू. मी नांदेड-परभणी पट्ट्यात बांधकामं करतो.

काळीचा फ्री स्वेल ८० म्हणजे दहा ग्रॅम माती रॉकेलमध्ये १० मिली भरली तर पाण्यात १८ मिली झाली. ५० च्या वर गेली की फुगण्याचा धोका धरूनच चालायचं. ही माती पावसाळ्यात फुटिंग वर उचलते, उन्हाळ्यात आकसून त्याखालून निघून जाते. अभि, तुमची वाळू त्यात पाणी साठवायची टाकी होते, चारी बाजूंनी काळीला पाणी पाजत राहते.

पण मला जास्त काळजी पांढरीची आहे. एम-आय आणि फ्री स्वेल १० वाचून गवंडी निश्चिंत झालाय. ही अक्षरं काढताना माती वाळवून, फोडून, ४२५ मायक्रॉनमधून चाळून, लगदा करून तपासतात. ती जागेवर घट्ट आहे की पोकळ, हे त्या अक्षरांत कुठंच नाही. गावठाणाची पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांची माती, राख, शेणकूर. भुसभुशीत असेल तर पाणी मुरलं की बसते. म्हणजे अर्धं घर वर उचललं जाणार आणि अर्धं खाली बसणार. भेग नेमकी मधल्या भिंतीत.

म्हणून दोन्ही बाजूंचे सगळे कॉलम मुरमातच उतरवा, तोही कठीण लागेपर्यंत. सात फुटांवर मुरूम मिळतोय हे नशीब म्हणा. काळी खोल असती तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) करावे लागले असते. जोत्याचा बीम काळीवर टेकवू नका, खाली मोकळी जागा ठेवा. खोल्यांच्या भरतीत काळी नको, हाच मुरूम पाणी मारून थरांनी ठोकून घ्या. शोषखड्डा आणि मोरीचं पाणी घरापासून लांब.

माळवद
अजून एक राहिलं. गावठाणात जुनी पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, असतात. आमच्या गल्लीत ट्रॅक्टरचं चाक त्यात गेलं होतं.

साइटवाला
काका बरोबर बोलले. दोन खड्ड्यांत पेव सापडेलच असं नाही. प्रत्येक कॉलमचा खड्डा मुरमापर्यंत गेला की तळाला आणि बाजूंना पहारीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तिथंच थांबा. पेव निघालं तर तीच माती लोटून बुजवू नका. सगळं उपसून तळापासून पीसीसीनं (लोखंडाशिवायच्या साध्या काँक्रीटनं) भरा आणि साहेब आल्याशिवाय त्या कॉलमची जाळी बसवू नका.

दुधनाकाठ
गवंड्याला हे वाचून दाखवलं. पांढरीच्या बाजूचे खड्डेही मुरमापर्यंत न्यायला तयार झालाय, खोदाईचा दर वेगळा मागतोय. तेवढा देतो. पेवांचं आजीला विचारलं, ती म्हणते चिंचेच्या बाजूला दोन होती.

साइटवाला
मग चिंचेकडचे कॉलम आधी खोदा. आणि चिंच घराला किती जवळ आहे तेही सांगा, तिची मुळं काळीतलं पाणी लांबून ओढतात.