ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा की नाही: "आम्ही कर भरतो" वाल्यांना उत्तर

टेकडीवाला
काल इथे एकांनी लिहिलं की सोसायटीने खतप्रकल्प चालवायचा म्हणजे महापालिकेचं काम आपण फुकटात करायचं, आम्ही मिळकतकर भरतो, दारातून कचरा उचला आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्याच्याखाली भराभर "अगदी मनातलं बोललात" पडलं. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

"पुढचं" म्हणजे कुठे हो? पुण्यात कोथरूडचा कचरा डेपो ज्यांच्या लहानपणी होता त्यांना विचारा, पौड रोडला वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायला लागायच्या. ओरड झाली, डेपो हलला, आता तिथे मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. पण कचरा काय हवेत विरला नाही, तो शहराबाहेर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे गेला. तिथल्या विहिरी नासल्या, गावाला टँकर लागले. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि आपल्या चौकाचौकात ढीग साचले तेव्हा सगळे जागे झालो होतो, गाड्या सुरू झाल्या की परत झोपलो.

२०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतच स्पष्ट सांगितलं होतं, दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होत असेल तर ओलं शक्यतो जागेवरच जिरवा. आमच्याकडे बिल्डरने भोगवटा पत्र मिळवायला मागच्या भिंतीला गांडूळखताचे खड्डे बांधून ठेवले होते, त्यात रंगाचे डबे, फुटक्या टाइल्स आणि कुणाचा तरी मोडका पाळणा निघाला. ते उपसून चालू केले आणि चाललेत. गुपित काही नाही, ओल्यावर सुका पाला भरपूर पडला पाहिजे, मूठभर भुरभुरवून भागत नाही. खालचा माल हातात घेऊन दाबायचा, बोटांतून पाणी गळलं तर पाला कमी पडलाय, भुगा उडाला तर पाणी शिंपडा. वास येतो तो आमटी-भाजीचा रस्सा तसाच ओतणाऱ्यांमुळे. पाणी निथळून टाका, वास येत नाही. मिळकतकरात ५ टक्के सवलत आहेच, पण ती नसती तरी हे केलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सहकारनगर_सेक्रेटरी
ते कालचं मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. साहेब तुमच्याकडे मागची भिंत आहे, पाला पाडणारी झाडं आहेत. आमच्याकडे पार्किंगवरून रोज भांडणं, जागा कुठनं आणू? आम्ही खत करायचं मशीन घेतलं होतं, वर्गणी काढून. पहिले काही महिने बरं चाललं, मग चालवणारा मुलगा गावी गेला तो आलाच नाही, लाकडाच्या भुश्याचे भाव वाढले, पावसाळ्यात अळ्या झाल्या आणि तळमजल्यावरचे पाटील काका रोज सकाळी माझी बेल वाजवायला लागले. कंपनीवाला वार्षिक देखभालीचे पैसे घेईपर्यंत गोड बोलायचा, नंतर फोन उचलेना. आज त्या मशीनवर ताडपत्री आहे. सेक्रेटरी म्हणून शिव्या मी खाल्ल्यात, तुम्ही नियम वाचून दाखवताय. सभासदांपैकी एकाने तरी येऊन खताचं क्रेट हलवलं का? नाही. सगळ्यांना फक्त एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, बोलायचं असतं.

फुरसुंगीकर
सेक्रेटरी साहेब तुमची जागेची अडचण समजली, आता आमची ऐका. तुमच्या पार्किंगला जागा नाही म्हणून आमच्या गावात जागा आहे का? आमच्या आजोबांनी विहीर खोदली तेव्हा पाणी गोड होतं, डेपो झाल्यावर लालसर तवंग यायला लागला, आता जनावराला पण पाजत नाही. मुलीच्या बघण्याचा कार्यक्रम असला की पाहुण्यांना वाऱ्याची दिशा बघून बोलवायचो आम्ही, हे खरं सांगतोय. २०१७ ला आम्हाला महापालिकेत घेतलं, नंतर परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली, या सगळ्यात डेपो मात्र जागचा हलला नाही. "कर भरतो" म्हणता, त्या करात आमची विहीर परत भरून मिळते का ते सांगा.

खानावळवाले
धंदेवाल्यांना सगळेच धरतात म्हणून लिहितो. माझी छोटी मेस आहे. आधी ताटातलं उरलेलं डुकरं पाळणारा घेऊन जायचा, सणावाराला तो आला नाही की मागच्या बोळात बादल्या आंबायच्या. आता खरकटं वेगळं, भाज्यांची देठं-सालं वेगळी आणि पार्सलचं सगळं वेगळं ठेवतो, ओलं नेणाऱ्याला पैसे मोजतो. पण मुळात कचरा कमी करायचं कुणी बोलतच नाही. मी ताटात हवं तेवढंच वाढायला सुरुवात केली, भात मागाल तेवढा पण एकदम डोंगर नाही, बादल्या जवळपास निम्म्या झाल्या. पार्सलला घरचा डबा आणणाऱ्याला एक पोळी जास्त देतो. तरी दहातले आठ जण हात हलवत येतात आणि "पिशवी द्या की" म्हणून माझ्यावरच चिडतात. २०१८ ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा दंडाची भीती होती, दोन महिने सगळे कापडी पिशव्या घेऊन फिरले.

वस्तीताई
मी कचरावेचक बायकांसोबत काम करते. पुण्यात यांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, त्यातूनच पुढे २००८ ला स्वच्छ संस्था महापालिकेशी करार करून दारोदार जायला लागली. ओल्याचं तुम्ही खत करा नाहीतर मशीन लावा, त्याआधी बादलीत काय येतं ते बघा. घराघरातनं आलेलं परत हाताने निवडतात या बायका. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकला जातो, त्यावर त्यांचं घर चालतं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना कुणी विचारत नाही. आणि ओल्याच्या बादलीत उघडे डायपर असतात. परवाच एकीने झाकण काढलं तर वर तेच, खाली केळ्याची सालं. हात धुवायला नळ मागितला तर वॉचमन म्हणाला बाहेरच्या टाकीवर जा. याच्यावर कुणीच का बोलत नाही?

अण्णा_शनिवारपेठ
ताई बोलल्या ते मूळ आहे. आम्हा चार भावंडांना आईने जुन्या धोतराचे लंगोट बांधले, धुतले, वाळवले, परत बांधले. कचरा शून्य. आता मूल जन्मल्या दिवसापासून डायपर, कारण धुवायचा कंटाळा. आळसापायी शहर घाण झालंय.

जुळ्यांची_आई
काका, धुतले कुणी? आईने. तुम्ही एक तरी धुतलात का ते आधी लिहा. मला जुळी आहेत, नळाला दिवसाआड पाणी, गॅलरी म्हणजे तीन फूट, पावसाळ्यात लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर बांधले की मुलांना पुरळ येतं. घरात दिवसा कापडी वापरते, रात्री आणि बाहेर जाताना डायपर. नवरा धुतो हो, आमच्याकडे धुतो. आळस म्हणायच्या आधी एकदा घरी येऊन बघा.

अण्णा_शनिवारपेठ
आम्ही काय राजवाड्यात वाढलो का? वाड्यात बारा बिऱ्हाडांत एक नळ होता. करायचं म्हटलं की होतं. जबाबदारीचं बोललं की लगेच अंगावर यायचं, ही आजची पद्धत.

नाइटशिफ्ट
अण्णा थांबा जरा. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, वर्षापेक्षा जास्त अंथरुणाला होते. मोठ्यांचे डायपर लागतात, दिवसाला तीन-चार. आई सत्तरीची, मी रात्रपाळीला. चादरी धुवून तिचे हात सोलले होते. डायपर नसते तर आम्ही दोघं कोलमडलो असतो. त्यामुळे वापरायचेच नाहीत हा उपदेश कृपया करू नका. ते टाकायचे कसे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, हॉस्पिटलने घरी सोडताना औषधांचा कागद दिला, याबद्दल एक शब्द नाही. सुरुवातीला काळ्या पिशवीत घालून गेटजवळ ठेवायचो, कुत्री फाडायची, शेजारी बोलायचे.

वस्तीताई
नाइटशिफ्ट दादा, वापरण्याला आमच्या बायकांचा विरोध कधीच नव्हता. विष्ठा संडासात टाका, डायपर घट्ट गुंडाळा, जुन्या वर्तमानपत्रात बांधा आणि वर लाल ठिपका काढा, स्केचपेनने, लिपस्टिकने, कशानेही. पॅडचंही तेच. ठिपका दिसला की कळतं, उघडायचं नाही. ओल्यात अजिबात टाकायचं नाही, सुक्यासोबत, पण वेगळं बांधून द्यायचं. २०१६ च्या नियमात बनवणाऱ्या कंपन्यांनी पाकिटासोबत गुंडाळायला पिशव्या द्याव्यात असं पण लिहिलं होतं. आपण दुकानदाराकडे त्या मागतो का? अण्णा, तुमच्या आईने धुतले त्याचा आदर आहे, पण आज दुसऱ्याच्या मुलाचं आमची बाई हाताने उचलते. तिच्यासाठी एक ठिपका काढा एवढंच मागणं आहे.

अण्णा_शनिवारपेठ
ठिपक्याला माझा विरोध नाही. सुनेला सांगतो. पण कापडी लंगोट चांगलेच हे मी बोलणारच.

जुळ्यांची_आई
सुनेला सांगण्यापेक्षा तुम्हीच स्केचपेन घेऊन बसा ना काका. जड काम नाही ते.

तळकोकणी
डायपरवरून परत मुद्द्यावर येऊ का? वेंगुर्ल्याला कधी गेलात तर कचऱ्याची जागा बघून या. रामदास कोकरे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना तिथे घराघरातून वेगळा झालेला कचरा पुढे २७ प्रकारांत निवडायला लागले. डंपिंगची जागा होती तिथे आता स्वच्छ भारत पॉइंट आहे, लोक बघायला येतात. माझे मामा तिथलेच, वेगळा करून दिला नाही तर गाडी घेत नाही म्हणून आधी कुरकुरले, आता पाहुण्यांना दटावतात.

सहकारनगर_सेक्रेटरी
वेंगुर्ला केवढं आणि पुणे केवढं. मुख्याधिकारी स्वतः सकाळी रस्त्यावर उतरत असेल तर होणारच. आमच्या भागात अधिकारी नोटीस द्यायला येतात, मशीन बंद का पडलं विचारायला कुणी आलं नाही. हा माझा मूळ मुद्दा आहे आणि त्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. सक्ती करायची तर वॉर्डात एक माणूस द्या ज्याला हे काम येतं.

फुरसुंगीकर
माणूस मागा, आम्ही पण तुमच्यासोबत येऊन मागू. पण तो मिळेपर्यंत गाडी आमच्याकडे पाठवू नका.

टेकडीवाला
सेक्रेटरी साहेब, माणसाची मागणी बरोबर आहे, ती मला मान्य. नोटिशीने खत होत नाही. पण तो येईपर्यंत ताडपत्री टाकून बसणं मान्य नाही. जागा नसेल तर मशीन विसरा, गच्चीवर जाळीचे क्रेट लावा, ज्या मजल्यावरची माणसं तयार आहेत तेवढ्यांपासून सुरू करा. आमच्याकडे पाला उन्हाळ्यात गोण्या भरून साठवलाय, लागेल तेवढा घेऊन जा. आणि हे काम फुकट करायचं नाही, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा माल उलटायला कचरावाल्या ताईच येतात, त्याचे वेगळे पैसे मेंटेनन्समधून जातात, नळ आणि साबण खड्ड्याजवळच आहे. भुश्यावर आणि देखभालीवर तुमचे जेवढे गेले त्यापेक्षा कमीच जात असतील.

सहकारनगर_सेक्रेटरी
गच्ची गळते म्हणून वरचे मजलेवाले कोर्टात जातील, ते तुम्हाला माहीत नाही. बघतो. मेंटेनन्समधून पैसे द्यायचा ठराव कसा मांडलात, त्याची प्रत असेल तर टाका. आणि पाल्याच्या दोन गोण्या ठेवा बाजूला, रविवारी टेम्पो येतोय तिकडे.

खानावळवाले
टेम्पो येतोय तर माझ्याकडची देठं-सालं पण कुणाला हवीत का? रोजची ताजी असतात, मीठ-तेल काही नाही. दुपारी तीनच्या आत न्यावी लागतील.