सॅट नको म्हणता, मग आमच्या मुलांनी दाखवायचे काय?

रारिटनकाठची
अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षेच झालेल्या मुलांकडे नामांकित महाविद्यालयांनी सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण मागणे हा अन्याय आहे, कारण ती परीक्षा बुद्धीची नसून इंग्रजीची आहे, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवेना. माझा भाचा नववी संपवून नाशिकहून न्यू जर्सीत आला, तेव्हा शाळेने त्याला ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या, वर्गात बसवले आणि 'आधी भाषा सुधारू दे' या सबबीवर पुढे एपी कॅल्क्युलस हे महाविद्यालयीन पातळीचे गणितही नाकारले. वादसभा, नाटक, शिफारसपत्र मनापासून लिहील असा शिक्षक, यांतले काहीही इतक्या थोड्या अवधीत उभे राहत नाही. सॅटच्या गणितातले ८०० पैकी ७९० हा त्याच्या अर्जातला एकच आकडा असा होता, जो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा अनिवार्य करताना हेच सांगितले होते की, ज्यांच्या शाळेत प्रगत अभ्यासक्रम मिळत नाहीत, त्यांना आपली तयारी दाखवण्याचा हा एक मार्ग आहे.

सांताक्लाराचे काका
ते लेखन माझेच. आपण ७९० अभिमानाने सांगितलेत, परंतु वाचन-लेखनाच्या उरलेल्या ८०० पैकी किती मिळाले, हे सांगायचे सोयीस्करपणे राहून गेले. माझी मुलगी सेमी-इंग्रजीतून आलेली. गणिताच्या संज्ञा तिला पाठ, पण इंग्रजी उताऱ्यातला उपरोध ओळखताना ती अडखळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये सॅट सोडण्याचा निर्णय घेतला, म्हणूनच तिची शाळेतली मेहनत आणि निबंध कोणीतरी वाचले.

थेट_बोलतो
काका, तो निबंध काय मराठीत लिहिला होता? परीक्षेतले इंग्रजी अन्यायकारक आणि प्रवेश-सल्लागाराला हजारो डॉलर मोजून घासूनपुसून घेतलेले इंग्रजी मात्र न्याय्य, हा हिशेब मला समजत नाही. शिवाय २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर होते, लांब उतारे गेले आणि एका छोट्या उताऱ्यावर एकच प्रश्न येतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या दिवशी होणाऱ्या परीक्षेत दीडपट वेळ आणि द्विभाषिक शब्दकोश मिळू शकतो. मात्र त्यासाठी शाळेने आधी व्यवस्था करावी लागते, आणि आपले पालक त्याबद्दल विचारतच नाहीत.

सांताक्लाराचे काका
माझ्या मुलीने कोणताही सल्लागार नेमला नव्हता. पुरावा नसताना असे आरोप करू नयेत.

एच४_चा_बाप
तुम्ही ज्यावर भांडता आहात, ते ग्रीन कार्ड असलेल्यांचे दुखणे आहे. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आश्रित म्हणून, असलेल्या मुलाला फेडरल आर्थिक मदत मिळत नाही, अनेक खासगी महाविद्यालये त्याला परदेशी अर्जदारांत मोजतात आणि वयाच्या २१ व्या वर्षी त्याचे आश्रित म्हणून राहणेच संपते. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डार्टमथसारखे नामांकित महाविद्यालयसुद्धा त्यांत २०२२ मध्ये आले. माझ्या मुलाला सॅटमध्ये १६०० पैकी १५४० मिळाले, पण प्रवेश मिळालेल्या ठिकाणचे शुल्क परवडले नाही, तेव्हा त्या गुणांचे मी काय करायचे?

रारिटनकाठची
आपली व्यथा खरी आहे, पण धागा गुणांचा आहे, व्हिसाचा नव्हे.

एच४_चा_बाप
तेच गुण कोणत्या गठ्ठ्यात वाचले जाणार, हे व्हिसाच ठरवतो. येथे चार वर्षे शिकलेला मुलगा परदेशी, आणि शेजारच्या घरात दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर आलेला मुलगा देशी! हा प्रश्न धाग्याबाहेरचा वाटत असेल, तर धागाच अपुरा आहे.

थेट_बोलतो
हे मात्र खरे. तरीही मदत मिळत नाही म्हणून परीक्षा वाईट, असे त्यातून निघत नाही. डार्टमथच्याच प्राध्यापकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले की, गुण ऐच्छिक असताना साध्या परिस्थितीतली काही मुले, कमी वाटले म्हणून, असे गुण लपवत होती जे त्यांच्या फायद्याचे ठरले असते, कारण अर्ज वाचणारे ते गुण त्या मुलाच्या शाळेच्या मानाने पाहतात.

सांताक्लाराचे काका
डार्टमथचे प्राध्यापक आणि आपण दोघेही एकमताने सांगता आहात, तेव्हा माझ्यासारख्याने काय बोलावे? गणिताचे गुण मागा, माझी हरकत नाही. नवागतांसाठी वाचन-लेखनाचे गुण मात्र ऐच्छिकच असावेत, आणि यावरून मी तसूभरही हटणार नाही.

रारिटनकाठची
माझ्या भाच्याचे वाचन-लेखनात ६१० होते, काका. तेही आम्ही पाठवले, आणि त्याला प्रवेश मिळाला.