जीन हंटची मारहाण फुगवलेली नाही

'लाइफ ऑन मार्स' या ब्रिटिश टीव्ही मालिकेत पोलीस अधिकारी जीन हंट संशयितांना बदडतो ते निव्वळ नाट्यासाठी, असं काही जण म्हणतात. अभिनेता फिलिप ग्लेनिस्टरने तो धटिंगणपणा रंगवून केलाय हे मान्य. पण त्या काळातली इंग्लंडमधली चौकशी खरोखरच मोकाट होती. मालिकेचा नायक, २००६मधला पोलीस अधिकारी सॅम टायलर १९७३च्या मँचेस्टरमध्ये जागा होतो, तेव्हा लंडनच्या कॉन्फेट खून खटल्यातली तीन मुलं शिक्षा भोगत होती. वयं १८, १५ आणि १४. थोरल्याची समज आठेक वर्षांच्या पोराएवढी. पुरावा मुख्यतः त्यांच्या कबुलीजबाबांचा, आणि पहिली चौकशी झाली तेव्हा ना वकील हजर, ना आईबाप! १९७५मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाल्या. त्यातून चौकशी समिती, मग आयोग आणि शेवटी १९८४चा पोलीस आणि फौजदारी पुरावा कायदा आला. कोठडीतल्या प्रत्येक गोष्टीची नोंद, वकिलाचा हक्क, पुढे टेपवर जबाब, हे सगळं त्यानंतरचं.

म्हणूनच पहिल्या सीझनचा सातवा भाग पुन्हा बघा. कोठडीत एक तरुण मरतो आणि सॅम आपल्याच सहकाऱ्यांची चौकशी करतो. मला तो भाग सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण सॅम ज्या नियमांसाठी भांडतोय ते कायद्यात यायला अजून अकरा वर्षं आहेत.