अनुदानित शाळेचा हेडमास्तर आणि कायदा: पीएचडीसाठी नेमकं काय, कुठं आणि कसं शोधायचं?

फोंडेकर_बाई

नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याजवळ एका अनुदानित हायस्कूलात शिकवते आणि नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय. विषय असा की अनुदानित शाळेचा हेडमास्तर निर्णय घेताना कायदा कसा वापरतो. म्हंजे एका बाजूने मॅनेजमेंट, दुसरीकडे शालेय व्यवस्थापन समिती, मग पालक आणि वर शिक्षण संचालनालय, प्रत्येकजण आपापला नियम पुढे करतो, तेव्हा तो नेमकं काय करतो. गाईड सरांना विषय आवडला, पण लिटरेचर रिव्ह्यू, म्हंजे आधीच्या संशोधनाचा आढावा, भक्कम पाहिजे म्हणाले आणि तिथंच घोडं अडलंय. लीडरशिपवर पेपर ढिगाने मिळतात पण बहुतेक अमेरिका नाहीतर इंग्लंडचे, त्यातले अर्धे उघडायला गेलं की पैसे मागतात, आणि कायद्याच्या बाजूने बेअर ॲक्ट, म्हंजे कायद्याचा नुसता मजकूर, वाचला, त्याच्यापुढे काय तेच कळत नाही. शाळा सुटून ताळगावला विद्यापीठाच्या लायब्ररीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते त्यामुळे घरून काय करता येईल तेही सांगा. नुसती वेबसाइटची नावं नकोत, आधी काय आणि मग काय ते हवंय.

पुस्तकवाला_म्हापसा

बाई, मी कॉलेज लायब्ररीत काम करतो, दर वर्षी तुमच्यासारखे शिक्षक येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नल्सची वर्गणी केंद्र सरकारनेच भरायची योजना, सुरू झालंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स त्यात आहेत. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांनाच, खाजगी अनुदानित कॉलेजं त्यात नाहीत. तुमचं रिसर्च सेंटर अशा कॉलेजात असलं आणि तिथं पेपर उघडला नाही तर तेवढ्यावर थांबू नका, रजिस्ट्रेशन गोवा विद्यापीठाचं असेल तर एक शनिवार काढून ताळगाव पठारावरच्या त्यांच्या लायब्ररीत जा आणि घरून वापरायचं लॉगिन मिळतं का ते काउंटरवर विचारा. इन्फ्लिबनेट म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ररींना जोडणारी यूजीसीची संस्था, तिची घरून लॉगिन करायला इन्फेड म्हणून सोय आहे, तिचं लॉगिन संस्थेकडूनच मिळतं, आपलं आपण करून चालत नाही.

मग एरिक. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा डेटाबेस, एकदम फुकट, फक्त शिक्षणावरचं. त्यात अख्खं वाक्य टाकू नका, आधी त्याचा थिसॉरस उघडा आणि त्यांनी ठरवलेले विषयशब्द घ्या. हेडमास्तर टाकलंत तर फार हाती लागणार नाही, प्रिन्सिपल्स टाका, त्याला स्कूल लॉ जोडा, आणि आपल्या व्यवस्थापन समितीच्या सगळ्यात जवळचं म्हणजे स्कूल बेस्ड मॅनेजमेंट. पियर रिव्ह्यूची, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांची, खूण केली की गर्दी कमी होते. नोंदीचा नंबर ईजेने सुरू झाला तर जर्नलचा लेख, ईडीने सुरू झाला तर रिपोर्ट वगैरे, आणि ईडीवाले बरेचसे तिथंच पूर्ण मिळतात.

परदेशी पेपरातून संकल्पना आणि संशोधनाची पद्धत घ्या. कायदा घेऊ नका, त्यांची राज्यघटना वेगळी, शाळा चालवणारी बोर्डं वेगळी. भारतातलं हवं तर शोधगंगा, आपल्या विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा फुकट संग्रह. तिथं प्रबंध चॅप्टरवार पीडीएफमध्ये असतात, तर आधी दुसरं चॅप्टर (लिटरेचर रिव्ह्यू बहुधा तिथंच असतो) आणि संदर्भसूची उघडा. एका बऱ्या प्रबंधाची सूची हाताशी आली की पुढचा महिनाभराचा शोध निम्म्यावर येतो, हे मी कित्येकांच्या बाबतीत बघितलंय.

मडगावचो_वकील

बाई, कायद्याची बाजू मी सांगतो. बेअर ॲक्टच्या पुढे काय, तर तारीख. शिक्षणावरच्या पेपरांत कायद्याचं कलम लिहिलेलं असतं पण ते कधीचं, हे कोण बघतच नाही, आणि मला हे मनापासून खुपतं कारण त्याच्यावरच माणसं निष्कर्ष काढतात.

तुमचाच विषय घ्या. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. कलम २१ मध्ये व्यवस्थापन समिती, त्यात किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, शाळेच्या कामावर देखरेख आणि कलम २२ प्रमाणे विकास आराखडा. आता २०१० किंवा २०११ चा पेपर वाचलात तर वाटेल अनुदानित शाळेत समितीला केवढे अधिकार. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतली समिती फक्त सल्ला देणारी झाली. मग २०१४ मध्ये प्रमती निकालात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागूच नाही, अनुदान असो वा नसो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने प्रमतीवरच शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितला. आपल्याकडे चर्चच्या संस्थांच्या अनुदानित शाळा किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे तुमच्या सॅम्पलमध्येच दोन वेगळे कायदेशीर गट आहेत, ते वेगळे नाही काढले तर सगळी मुलाखत वाया.

शोधायचं कसं तर कायदा इंडिया कोडवर, सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर, दोन्ही फुकट. हायकोर्टासाठी ई-कोर्ट्सचं जजमेंट पोर्टल, तिथं मुंबई हायकोर्ट निवडून गोव्याचे निकाल बघा. इंडियन कानून ही खाजगी साइट चाळायला झकास, पण प्रबंधात उतारा देताना अधिकृत प्रतीवरून द्या. निकाल अजून जिवंत आहे का, पुढे कुणी फिरवला का, हे बघायला एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र असा कायद्याचा डेटाबेस लागतो, ते महाग आहेत, लॉ कॉलेजच्या लायब्ररीत गाईडचं पत्र घेऊन विचारा. उन्नीकृष्णन १९९३ चा निकाल अजून कित्येकजण सरसकट उद्धृत करतात, त्यातली प्रवेश आणि फीची स्कीम टीएमए पै मध्ये ११ न्यायमूर्तींनी २००२ लाच रद्द केली.

आणि एक, आपल्या राज्याच्या कायद्याचं नाव अजून गोवा, दमण आणि दीव शालेय शिक्षण कायदा १९८४ असंच आहे, नियम १९८६ चे. गोवा घटकराज्य १९८७ ला झालं, नाव तेच राहिलं. दमण दीव न लिहिता शोधाल तर निम्मे निकाल सुटतील.

पाटो_वाचक

वकीलबाबांनी सांगितलं त्यात एवढंच घालतो की नियमांतले बदल सरकारी राजपत्रात बघा, सीरिज एक मध्ये, दर गुरुवारी निघतं आणि सरकारी छापखान्याच्या साइटवर पीडीएफ आहेत. जुनं काही हवं असेल तर पणजीत पाटोला कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. १८३२ पासूनची लायब्ररी आहे, तिथं गोव्याचा वेगळा विभाग आहे, तिथल्या माणसांना विषय नीट सांगितला तर ती खरंच मदत करतात. आणि संचालनालयाची सर्क्युलरं सगळीच राजपत्रात येत नाहीत हां, त्यासाठी तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कच्या कपाटातली फाईल सगळ्यात भारी. हेडमास्तर प्रत्यक्षात वाचतो ते तेच, कायदा नव्हे.

फोंडेकर_बाई

देव बरें करूं सगळ्यांचं! दोन गट करायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्याच गाईड सरांशी बोलते. सर्क्युलरच्या फाईलीचं तर फारच आवडलं, प्रश्नावलीत तोच पहिला प्रश्न घालते. आता एकच शंका, कलमं आणि निकालांचे उतारे जसेच्या तसे घातले तर प्लेजियरिझममध्ये धरतील काय? मजकुराचं साम्य १० टक्क्यांच्या वर जाईल याची भीती आहे.

पुस्तकवाला_म्हापसा

नाही बाई. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कायदे आणि संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर तपासणीतून वगळायचा असं स्पष्ट आहे, संदर्भसूचीसुद्धा. पण सॉफ्टवेअर ते आपोआप ओळखेलच असं नाही, म्हणून उतारा अवतरणात आणि वेगळ्या परिच्छेदात ठेवा, शेजारी निकालाचा परिच्छेद क्रमांक घाला, आणि रिपोर्ट काढताना लायब्ररीत सांगा की हे हे भाग वगळा. आणि निकालाचा सारांश मात्र स्वतःच्या शब्दांत लिहा, निकालाच्या वर छापलेला सारांश, म्हणजे हेडनोट, उचलू नका, ती कोर्टाची नसते, संपादकाची असते.

मडगावचो_वकील

हेडनोटचं अगदी खरं. प्रमती मोठा वाटला तर आधी फक्त शेवटचे परिच्छेद वाचा, मग वर या. चवथीच्या सुट्टीत होऊन जाईल. अडलं तर इथंच परिच्छेद क्रमांक टाकून विचारा.