चिनी वनौषधी आणि ऑटोफॅजी : संशोधनाचा कल कसा वाचावा?

प्रश्न : विद्यार्थिनी, फोंडा
पारंपरिक चिनी वैद्यकातील द्रव्यांचा पेशींतील ऑटोफॅजीवर (पेशीने स्वतःचेच निकामी भाग मोडून पुन्हा वापरण्याच्या क्रियेवर) होणारा परिणाम या विषयावर मला औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात सेमिनार द्यायचा आहे. शोधनिबंधांची मोजदाद करून काढलेल्या नकाशांत एम-टॉर, एएमपीके (ऑटोफॅजीला अनुक्रमे लगाम आणि चालना देणारी पेशींतील प्रथिने), कर्करोग असे शब्द ठळक दिसतात. मात्र बर्बेरीन हे वनस्पतिजन्य द्रव्य एका निबंधात ऑटोफॅजी वाढवते, तर दुसऱ्यात, हृदयपेशींमध्ये, तीच कमी करते. यातून काय निष्कर्ष काढावा?

उत्तर : मडगाव
शब्द ठळक असणे म्हणजे त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, एवढेच. 2016 साली ऑटोफॅजीवरील संशोधनासाठी जपानी शास्त्रज्ञ ओसुमी यांना नोबेल मिळाल्यावर या विषयाकडे ओढा वाढणे स्वाभाविकच होते. खरी मेख मोजमापात आहे. एलसी3-2 हे, मोडायचा माल गुंडाळणाऱ्या पिशवीवर बसणारे प्रथिन वाढलेले दिसले की ‘ऑटोफॅजी वाढली’ असे सर्रास लिहिले जाते. पण साळगावच्या कचरा प्रकल्पाबाहेर गाड्यांची रांग लागली, तर गाड्या जास्त आल्या की आतले यंत्र बंद पडले, हे नुसत्या रांगेवरून कळत नाही. म्हणून बॅफिलोमायसिन या रसायनाने लायसोसोममधील (पेशीतील आम्लयुक्त विघटन-कोशातील) विघटन रोखून, औषधासह आणि औषधाविना, एलसी3-2 किती साठते याची तुलना करतात. जोडीला पी62 हे, मालाबरोबर स्वतःही मोडले जाणारे प्रथिन घटले का तेही पाहतात. टेट्रान्ड्रीन हे चिनी वनस्पतीतील अल्कलॉइड लायसोसोमची आम्लता घटवून शेवटचा टप्पाच अडवते, आणि तिथेही एलसी3-2 वाढलेलेच दिसते.

उत्तर : वैद्य, डिचोली
बर्बेरीनचे म्हणाल, तर पेशीचा प्रकार आणि ताण बदलला की परिणामाची दिशाही बदलू शकते, त्यामुळे दोन्ही निबंध बरोबर असू शकतात. आमच्या दारुहळदीतही हेच द्रव्य आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ चीनचा नव्हे. परंतु तोंडावाटे घेतलेले बर्बेरीन रक्तात अत्यल्प पोहोचते, आणि काचपात्रातील पेशींवर मात्र त्याच्या कित्येक पट तीव्रतेचे द्रावण ओततात. शिवाय चिनी वैद्य बहुधा अनेक द्रव्यांचा काढा देतात. शुद्ध रेणूवरचा निष्कर्ष त्या काढ्याला लावणे मला तरी पटत नाही.

विद्यार्थिनी, फोंडा
आभारी आहे. मग नकाशा वगळू का?

उत्तर : मडगाव
वगळू नका, पहिल्या स्लाइडवर ठेवा. पुढे मोजकेच निबंध घेऊन प्रत्येकात पेशी कोणती, मात्रा किती, आणि बॅफिलोमायसिन किंवा तसेच विघटन रोखणारे क्लोरोक्वीन वापरून पडताळा घेतला का, एवढे तीन रकान्यांत मांडा. परीक्षक बहुधा तिसऱ्या रकान्यावरच अडवतील.