मदत हवी आहे : हेन्री डार्गरवरचा माहितीपट कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. जेसिका यू यांचा 'इन द रेल्म्स ऑफ द अनरिअल' (२००४) बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिला होता, अजून डोक्यातून जात नाही. हेन्री डार्गर म्हणजे शिकागोच्या इस्पितळांत झाडलोट करणारा एकटा माणूस. म्हातारपणी आजारी पडून भाड्याची खोली सोडली, तेव्हा आत पंधरा हजारांवर टाइप केलेल्या पानांची कादंबरी आणि शेकडो चित्रं निघाली! मासिकांतल्या मुली कार्बन पेपरने गिरवायच्या आणि जलरंगात रंगवायच्या, ही त्याची पद्धत. १९७३ मध्ये तो गेला. माहितीपटात ही चित्रं हलताना दिसतात, ते मला फार आवडलं.

माझी आत्या रोज रात्री जेवणं आटोपली की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने चित्रं काढते आणि घडी करून गादीखाली ठेवते. कुणाला दाखवत नाही. तिच्या शेजारी बसून हा माहितीपट बघायचाय.

भारतात तो अधिकृतपणे कुठे बघता येईल, किंवा डीव्हीडी कुठे मिळेल? आत्याला इंग्रजी येत नाही. मराठी सबटायटल्स स्वतः करून जोडायची असतील तर कुठलं सॉफ्टवेअर सोपं? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. दिवाळीला ती आमच्याकडे येतेय.