शब्दचर्चा: निवडून आलेल्या 'गव्हर्नर'ला 'राज्यपाल' म्हणायचं का?

एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय आणि एका वाक्यापाशी गाडी अडलीय. लेख कार्लोस रॉयटमन यांच्यावर आहे. फॉर्म्युला वनचे जुने चाहते ओळखतील त्यांना. अर्जेंटिनाचे ड्रायव्हर, १९७२ ते १९८२ या काळात १२ शर्यती जिंकल्या. १९८१ चं जगज्जेतेपद एका गुणाने गेलं: लास वेगासला शेवटच्या शर्यतीत ते पहिल्या जागेवरून सुटले आणि आठवे आले. पाचव्या आलेल्या नेल्सन पिके यांचे ५० गुण झाले, यांचे ४९ च राहिले.

ते सगळं ठीक. पुढे लेखक म्हणतात, "निवृत्तीनंतर रॉयटमन सांता फे राज्याचे राज्यपाल झाले व नंतर राज्यसभेवर गेले." वाक्य कानाला अगदी सुरळीत लागतं, आणि तेच खटकतंय. 'राज्यपाल' ठेवू, 'गव्हर्नर' करू की सरळ 'मुख्यमंत्री'?

*

'राज्यपाल' आधी काढा. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो, तिकडचा गव्हर्नर मतं मागून येतो. पण खरा घोटाळा वेगळाच आहे. राज्यपालपद म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजकीय वानप्रस्थ येतं: तिकीट कापलेला ज्येष्ठ नेता, राजभवनाची हिरवळ, दीक्षान्त समारंभ. म्हणजे तुमचं वाक्य वाचून कुणालाही वाटेल की शर्यती संपल्यावर गृहस्थांची कुठेतरी सोय लावली. प्रत्यक्षात प्रांताची तिजोरी, पोलीस, शाळा, सगळं गव्हर्नरच्या हातात. तिथूनच माणूस थेट राष्ट्राध्यक्ष होतो. कार्लोस मेनेम आधी ला रिओहाचे गव्हर्नर होते, नेस्तोर किर्शनेर सांता क्रूसचे. 'राज्यपाल' लिहिलं की अख्खी कारकीर्द उताराला लागलेली दिसते.

२००३ चा पूर घ्या. एप्रिलच्या अखेरीस सालादो नदीचं पाणी सांता फे शहराच्या पश्चिम भागात घुसलं. बंधाऱ्याचा एक टप्पा अर्धवट राहिला होता, तिथूनच. सरकारी आकड्यानुसार २३ माणसं गेली, लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. लोक चिडले ते रॉयटमन यांच्यावर, कारण तेव्हा गव्हर्नर तेच होते. आपल्याला कुणी सावधच केलं नाही, असं रॉयटमन यांचं म्हणणं होतं. ते लोकांना पटलं नाही. आता या वाक्यात 'राज्यपाल' घालून बघा. आपल्याकडे पूर आला तर राज्यपालांना कोण जाब विचारतं?

*

मग 'मुख्यमंत्री' का नको? काम तर तेच.

*

काम तेच, पण खुर्चीवर बसण्याचा रस्ता वेगळा. मुख्यमंत्री विधानसभेतल्या बहुमतावर उभा असतो, आमदार फुटले की गेला. गव्हर्नरला लोक थेट निवडतात आणि चार वर्षं पक्की. शिवाय 'मुख्यमंत्री' म्हटलं की वाचक विचारणार, मग राज्यपाल कोण होते? तिथे ते पदच नाही.

माझं मत 'गव्हर्नर'. शब्द मराठीत मुरलेला आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर आपण इतिहासात वाचतो, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर रोज बातम्यांत असतो, त्याला कुणी 'बँकपाल' म्हणत नाही. पहिल्या उल्लेखात 'निवडून आलेले गव्हर्नर' लिहा, पुढे नुसतं 'गव्हर्नर'.

अवांतर: 'राज्य' पण बदला. तिकडे 'प्रोविन्सिया' आहे, म्हणजे प्रांत. आमच्याकडे 'प्रांत' म्हटलं की लोकांना प्रांतसाहेब आठवतात आणि मागोमाग दाखल्याची रांग, पण संदर्भाने कळेल.

*

व्युत्पत्तीचा किडा चावलाय म्हणून लिहितो. 'गव्हर्नर'च्या मुळाशी लॅटिन 'गुबेर्नातोर' आहे, अर्थ सुकाणू धरणारा. ग्रीकमधून आलेला शब्द. आमच्या किनाऱ्यावर हा मान तांडेलाचा. उलट घाटावर गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग: डिझेल पंपालाही असतो, ट्रकलाही. आयुष्यभर वेग वाढवण्यात घालवलेल्या माणसाला हेच पद मिळावं, याची मला उगीच गंमत वाटते.

तुमचे लेखक ज्याला 'राज्यसभा' म्हणतात, ते तिकडचं 'सिनेट'. हा शब्द लॅटिन 'सेनेक्स'वरून, म्हणजे म्हातारा. संस्कृतातला 'सन' (जुना) हा त्याचाच भाऊबंद, त्यामुळे 'सनातन' आणि 'सिनेट' लांबचे नातलग लागतात. विद्यापीठाच्या सिनेटची म्हणजे अधिसभेची बैठक बघितलेल्यांना हे सांगायला नको.

*

राज्यसभेचं काय करू मग? अर्जेंटिनाच्या सिनेटशी साम्य बरंच दिसतंय. सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या, वयाची अट ३०. तिन्ही गोष्टी जुळतात.

*

जुळतात, तरी 'राज्यसभा' नको. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १. अर्जेंटिनात प्रांत केवढाही असो, प्रत्येकी ३: २३ प्रांत आणि राजधानी मिळून ७२. निवडणूकही थेट. पूर्वी प्रांतांची विधिमंडळं सिनेटर निवडत, अगदी आपल्यासारखं. २००१ पासून लोक निवडतात. म्हणजे रॉयटमन १९९५ ला गेले ते राज्यसभेच्या पद्धतीने, आणि २००३ ला लोकांच्या मतांवर, तेही पुराच्याच वर्षी. एकाच माणसासाठी दोन वेगळे शब्द वापरणार का? 'सिनेटर' ठेवा.

आणि मूळ मजकुरात 'सेनादोर नासिओनाल' असेल तर 'राष्ट्रीय' गाळू नका. सांता फे प्रांताचं स्वतःचं वेगळं सिनेट आहे, १९ जणांचं, आपल्या विधान परिषदेच्या जागी. नुसतं 'सिनेटर' लिहिलं तर कुठलं, हा प्रश्न उरतो.

*

तुमच्या लेखकाच्या वाक्यात आणखी एक चूक आहे, 'व नंतर' ही. ते एकदा गव्हर्नर आणि मग सिनेटर असे झालेच नाहीत. १९९१ ते ९५ गव्हर्नर, ९५ ते ९९ सिनेटर, ९९ ते २००३ पुन्हा गव्हर्नर, मग पुन्हा सिनेटर. कारण साधं: तेव्हाच्या प्रांतिक घटनेत गव्हर्नरला लागोपाठ दुसरी मुदत नव्हती. चार वर्षं बाहेर काढायचीच, तर ती ब्युनोस आयर्सला सिनेटमध्ये काढली. मधे २००२ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहा म्हणून आग्रह झाला, त्यांनी नकार दिला.

'व नंतर'ऐवजी 'आळीपाळीने' चालेल.

*

'आळीपाळीने' आवडलं. असं केलंय: "रॉयटमन सांता फे प्रांताचे निवडून आलेले गव्हर्नर आणि राष्ट्रीय सिनेटर ही पदं आळीपाळीने भूषवत राहिले." शेवटच्या परिच्छेदात "माजी गव्हर्नर व माजी सिनेटर रॉयटमन यांचे २०२१ साली निधन झाले" असं आहे, ते तसंच सोडतो.

*

थांबा, दुसरा 'माजी' काढा. ७ जुलै २०२१ ला गेले तेव्हा सिनेटची मुदत डिसेंबरपर्यंत बाकी होती.